ओबैदीचा सिरका

अदिबा घरात शिरली ती आधी आईला भेटली नाही. हातातली द्राक्षांची पेटी तिने ओट्यावर ठेवली, एसीची हवा लागेल अशी सरकवली आणि मगच मागे वळली. ताहिराच्या ते जिव्हारी लागलं. वर्षभराने येणाऱ्या मुलीने आधी फळं सांभाळावीत आणि मग आई, ही कुठली रीत, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण पोरीचा चेहरा उन्हाने रापला होता, नखांच्या कडा शेतात राबणाऱ्या बाईसारख्या काळ्या पडल्या होत्या, आणि ताहिराने तिला नुसतं जवळ ओढलं.

दुसऱ्या दिवशी ताहिराच्या नवऱ्याची, महबूबची पहिली बरसी होती. कुवेतच्या सुलैबिया घाऊक बाजारात उभ्या उभ्या कोसळला होता तो, संत्र्यांच्या पेट्या उतरवून घेताना. त्याला वर्ष झालं. बनेद अल-गारचा हा फ्लॅट तोच राहिला, पण ताहिराचा इकामा, इथे राहायचा परवाना, आता मुलाच्या, काशिफच्या नावावर होता आणि स्वयंपाकघर सुनेच्या हातात. फरहीन तशी वाईट पोरगी नव्हती. तिने फक्त भांड्यांच्या जागा बदलल्या होत्या. ताहिरा अजूनही डाव घ्यायला चुकीचा खण उघडायची आणि कुणी बघितलं तर नाही ना म्हणून मागे पाहायची.

"ही कसली द्राक्षं आणलीस गो?" तिने पेटीत डोकावून विचारलं. "बारकी. आणि अंगावर डाग काय ते. तुझ्या अब्बांनी असला माल दारातून परत धाडला असता."

"धाडलाच असता," अदिबा हसली. "खाऊन तर बघ."

ताहिराने एक तोंडात टाकलं. साल जाड, बी मोठी, गोडी मधासारखी पण जरा मंदच. फळवाल्याच्या बायकोला द्राक्षाचं कौतुक कोण सांगणार? "बरं हाय," ती म्हणाली. तिच्या तोंडी या शब्दाचा अर्थ नापास असा होता.

"याचं नाव ओबैदी. लेबनानचंच आहे, तिथल्या मातीतलं. पण अम्मी, फ्रान्सच्या वेलींची नावं सगळ्यांना पाठ, आणि या घरच्या वेलीला कुणी विचारत नव्हतं. मागल्या वर्षी पहिल्यांदा मी चाखलं ना, तेव्हा मलाही काहीच वाटलं नाही. आय वॉज लाइक, ओके. मग आठवडाभराने कुणीतरी डब्यात खारवलेला मासा आणला होता, आणि त्याच्याबरोबर..." तिने पुढचं बोलणं सोडून दिलं. "तू काय काय शिजवलंयस? जरा जरा दे ना मला."

बरसीच्या आदल्या दिवशीचं जेवण साधंच होतं. ताहिराने बशीत तळलेली जुबैदी, म्हणजे इथलं पापलेट, दिली, कालचा आखणी पुलाव दिला, बोंबलाची चटणी दिली. अदिबा एकेक घास आणि एकेक द्राक्ष आईला भरवत गेली, लहानपणी ताहिरा तिला भरवायची तशी. आखणीबरोबर द्राक्ष अगदी बिचारं झालं, गरम मसाल्याने ते गिळूनच टाकलं. बोंबलाच्या तिखटाने गोडीला कडू केलं. जुबैदीशी बरं जमलं, पण शेजाऱ्यापाजाऱ्याचं जमतं तेवढंच.

"ठहर," ताहिरा म्हणाली. आता तिलाही चव लागली होती. तिने झाकण उघडून सोड्याचं सफेद कालवण काढलं. सुकवलेली कोळंबी, नारळाचं दूध, हिरवी मिरची, तिखटाची पूड अजिबात नाही. महबूबच्या आवडीचं. तो आजारी असो की रागावलेला, हे कालवण आणि तांदळाची भाकरी समोर आली की मुकाट्याने जेवायचा. उद्या त्याच्या नावाने फातिहा पढताना हेच समोर ठेवायचं होतं, म्हणून तिने आज हात बसवायला थोडं करून पाहिलं होतं. तिने कालवणाचा घोट घेतला आणि मग द्राक्ष चावलं.

ती चावता चावता थांबली. नारळाचं दूध जिभेवर जो जाडसरपणा ठेवून जातं, तो द्राक्षाने पुसला नाही, नुसता हलका केला. सोड्यांचं खारटपण पुढे आलं, आणि त्याच्या मागून ती मघाची मंद गोडी अशी आली की हीच ती, असं वाटू नये. तिने दुसरं द्राक्ष घेतलं. मग तिसरं.

"भाकरीबरोबर बघ," ती म्हणाली, आणि भाकरीचा तुकडा अदिबाच्या हातात दिला. "नुसत्या कालवणाबरोबर नको. भाकरी पाहिजे मध्ये. आणि मिरची काढून टाक, मिरचीने बिघडतंय."

अदिबाने खाल्लं आणि डोळे मिटले. "येस," ती पुटपुटली. "मिरची काढायची. माझ्या लक्षातच नव्हतं आलं. अम्मी, वर्षभर मी तिथं लोकांना हेच सांगते, नारळात केलेल्या माशाबरोबर हे चांगलं लागेल. कुणाला पटत नाही. त्यांनी कधी नारळ खाल्लेलाच नाही."

"सांगायला तुला पगार देतात?"

"हो. कशाबरोबर काय चांगलं लागेल, तेच माझं काम."

ताहिराला हसू आलं. बीएस्सी झालेल्या मुलीला खायचे पैसे मिळतात, हे महबूबला सांगायला हवं होतं. तिने हात धुतले आणि सहज विचारलं, "पण इतकी बी असलेली द्राक्षं घेतंय कोण? खायला तर कुणी नाय घेणार."

अदिबा पेटीतली द्राक्षं उगाच सारखी करू लागली. तेवढ्या वेळात ताहिराला कळून चुकलं. वर्षभर ती सगळ्यांना सांगत आली होती, अदिबा लेबनानमध्ये, बेकाच्या खोऱ्यात फळांच्या कंपनीत आहे. जमातीतल्या बायकांना, दस्मानला राहणाऱ्या जेठांना, अबरारभाईंना, फोनवर दाभोळला बहिणीला. फळांची कंपनी. आपणच ते शब्द इतके वापरले की आपल्यालाच खरे वाटू लागले, हे तिला आत्ता उमगलं.

"खायला विकत नाही आम्ही," अदिबा म्हणाली. "वाइन करतात त्याची."

खाली रस्त्यावर कुणी तरी हॉर्न दाबून धरला होता. ताहिराने द्राक्षांची पेटी ओट्याच्या कडेला सरकवली.

"तू पितेस?"

"नाही. तोंडात घेते, चव बघते, थुंकते. सगळे तसंच करतात, ते कामच तसं असतं."

"तोंडात घेतेस ना?"

अदिबा बशीतल्या बिया गोळा करू लागली.

"अब्बांना ठाव होतं?"

"नाही. सांगणार होते. फोनवर सांगायचं नव्हतं. मग तुझाच फोन आला, ते गेल्याचा."

ताहिराला राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना. असली नोकरी करणाऱ्या मुलीवर, की काही न विचारणाऱ्या स्वतःवर, की सगळं आपल्यावर टाकून निघून गेलेल्या माणसावर? ती ओटा पुसत राहिली. अदिबाने बॅगेतून एक बाटली काढली. छोटी, आत सोनेरी पाणी, बाहेर अरबी लेबल.

"हा सिरका आहे," ती म्हणाली. "वाइन नाही, अम्मी, सिरका, व्हिनेगर. त्याच द्राक्षांचा. मी स्वतः केलाय. अब्बांच्या कालवणात उद्या चमचाभर घालू दे मला. मातीला मी नव्हते. मला त्यांच्यासाठी काहीतरी माझ्या हातचं करायचंय."

ताहिराने बूच काढून वास घेतला. आंबट, स्वच्छ, आणि मागून मघाच्या द्राक्षाची गोडी. सिरका हलाल, एवढं तिला लहानपणापासून ठाऊक होतं. त्यापलीकडे तिने डोकं चालवलं नाही. मुलीचं तोंड बघून चालवावंसं वाटलंही नाही.

"उतरवताना घाल," ती म्हणाली. "आधी घातलास तर नारळाचं दूध फुटेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी, जोहरच्या नमाजनंतर माणसं जमली. पुरुष हॉलमध्ये, बायका आतल्या खोलीत, मधलं दार उघडं. लोबानाचा धूर एसीपुढे टिकत नव्हता, तरी फरहीन पुन्हा पुन्हा घालत होती. भाकऱ्या अदिबाने थापल्या होत्या, कालवणही तिनेच उतरवलं. फातिहा होईपर्यंत नियाजचं जेवण चाखायचं नसतं, त्यामुळे ताहिराने नुसतं पातेल्यावर वाकून वास घेतला आणि मान हलवली. अदिबाच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी लहान मुलीसारखं समाधान दिसलं.

अबरारभाई मधोमध बसले होते. महबूबचे थोरले भाऊ. त्यांनीच महबूबला कुवेतला आणलं, त्यांनीच काशिफला नोकरीला लावलं, आणि या घरात फातिहा पढायला आजवर दुसरं कुणी बसलं नव्हतं. माणूस कडक, पण नाकाने कांदे सोलणारा नव्हे. भावाच्या मय्यतीला खांदा देताना त्यांना रडताना ताहिराने पाहिलं होतं.

काशिफ भांडी न्यायला स्वयंपाकघरात आला. कालवणाचं भांडं उचलता उचलता त्याची नजर ओट्यावरच्या बाटलीवर गेली. कुवेतमध्ये जन्मलेल्या पोराला अरबी वाचायला शिकवावं लागत नाही. त्याने बाटली हातात घेतली आणि फिरवून पाहिली.

"खल्ल नबीद," तो म्हणाला. "अम्मी, हा वाइनचा सिरका आहे. कुणी आणला?"

"मी," अदिबा म्हणाली.

"ही तुझी कंपनी? ही, बाटलीवरची?" त्याचा आवाज चढला. "अदू, यू वर्क फॉर अ वायनरी? आर यू मॅड?"

"हळू बोला," फरहीन दारातून म्हणाली. "बाहेर माणसं आहेत."

"तुला माहीत होतं?" काशिफने बायकोला विचारलं.

फरहीनने ओढणी सावरली. "केव्हाच बघितला होता मी तिचा तिथला फोटो. म्हटलं, अम्मींना वर्षभर तरी निवांत राहू द्यावं."

ताहिरा सुनेकडे बघत राहिली. भांड्यांच्या जागा बदलणाऱ्या या पोरीने वर्षभर तोंड मिटून ठेवलं होतं, आणि तेही सासूसाठी. पण हे मनात नीट बसायच्या आतच अबरारभाई दारात आले. उशीर का होतो ते बघायला आले होते. त्यांनी काशिफच्या हातातली बाटली घेतली, चष्मा लावून वाचली, आणि ताहिराला वाटलं, जमीन दुभंगावी आणि निदान आपण तरी आत जावं.

पण अबरारभाई ओरडले नाहीत. त्यांनी कालवणाकडे बोट केलं. "यात घातलाय?"

"हो," अदिबा म्हणाली.

"कुणी केला सिरका?"

"मी."

"तू केलास म्हंजे काय?" त्यांनी चष्मा काढला. आवाज एकदम मऊ झाला, आणि तो मऊपणा ताहिराने नेमका ओळखला. हा माणूस पोरीसाठी दार उघडून धरत होता. "नीट ऐक, बेटा. आपण शाफई इमामांचा कायदा पाळणारे. शराब आपली आपण आंबून सिरका झाली, कुणी तिला हात लावला नाय, तर तो सिरका पाक. खुशाल खावा. पण त्यात काय टाकून मुद्दाम केला असेल, तर आपल्याकडे तो पाक नाय. तू तो ठेवलास आणि आपोआप झाला. असंच ना?"

हो म्हण, ताहिरा मनातल्या मनात म्हणाली. हो म्हण गो, एवढा एक शब्द. अल्ला माफ करेल, तुझ्या जागी मीही म्हणाले असते.

अदिबाने आईकडे पाहिलं. मग अबरारभाईंकडे.

"नाही, बडे अब्बा. मी त्यात जुना सिरका टाकला होता. लवकर व्हावा म्हणून."

काशिफने कपाळाला हात लावला. अबरारभाईंच्या तोंडावर राग यायच्या आधी दुःख दिसलं, ते ताहिराने पाहिलं. त्यांनी धरून ठेवलेलं दार पोरीने आपल्या हाताने लावून घेतलं होतं.

"आणि तुझं काम तिथं हेच हाय? शराबचं?"

"चव बघायचं. कुठल्या जेवणाबरोबर कुठली, ते सांगायचं."

"महबूबला ठाव होतं?"

"नव्हतं."

अबरारभाईंनी बाटली ओट्यावर ठेवली. आता आवाजात मऊपणा उरला नव्हता. "हे कालवण काढा इथनं. भाकऱ्या कुणी केल्या? हिनं? त्या पण काढा. बाजारातनं रोटी आणा. आणि ही आत बसणार नाय. या हातांचं माझ्या भावाच्या नावानं काय चालणार नाय."

"अदू," काशिफ विनवणीच्या सुरात म्हणाला, "जस्ट हाफ ॲन अवर. गाडीत जाऊन बस ना. प्लीज. बाहेर जमातीची माणसं आहेत."

अदिबाने ओढणीची टोकं गोळा केली. ती खरोखर निघाली होती. चप्पल शोधायला लागली. आणि ताहिराला स्पष्ट कळलं की ही आत्ता या दारातून खाली गेली तर गाडीत थांबणार नाही. पुढच्या बरसीला येणार नाही. ईदला फोन करेल, पैसे पाठवेल, आणि हळूहळू ती आपल्या घरातली एक गोष्ट होऊन जाईल, जी पाहुण्यांपुढे काढायची नसते. नवरा गेला तो न विचारता गेला. ही मात्र आपल्या डोळ्यांदेखत जाईल, आणि आपण भिंतीला टेकून बघत राहू.

इकामा मुलाच्या नावावर, घर मुलाचं, मुलाची नोकरी जेठांच्या शब्दावर. ताहिराला सगळं ठाऊक होतं. जेठांपुढे तिने आजवर मान वर केली नव्हती. तिने पदर नीट घेतला आणि अदिबाचा हात मनगटापाशी धरला.

"भाईसाब, कालवण मी काढते," ती म्हणाली. "ते शरियतचं हाय. तिथं माझं काय म्हणणं नाय. चूक माझी, मी विचारायला पाहिजे होतं. आणि हिचं काम मला पटलेलं नाय, ते मी हिच्या तोंडावर बोलते. पण एक मला सांगा."

अबरारभाई थांबले.

"उद्या मी मेले, तर मला गुसल कोण देणार? मुलगी असताना परक्या बायका मला आंघोळ घालणार काय? मला याच हातांनी गुसल पाहिजे. माझ्या अंगाला शेवटचं पाणी हिनंच घालायचं. तेव्हा हे हात चालतील की नाय, ते आजच सांगून टाका. नाय चालत असतील तर मी पण हिच्याबरोबर खाली जाते. मग तुम्ही फातिहा करा."

"अम्मी, हे काय बोलताय," फरहीन कुजबुजली, पण ती येऊन ताहिराच्या शेजारीच उभी राहिली. काशिफने बायकोकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि खाली बघितलं.

हॉलमधली कुजबुज थांबली होती. म्हणजे सगळ्यांनी ऐकलं होतं. ताहिराने मनगट सोडलं नाही. अबरारभाईंनी त्या हाताकडे पाहिलं. कडक माणसाची हीच अडचण असते. त्याला खोटं सांगता येत नाही, स्वतःच्या बाजूनेही नाही.

"गुसलला मनाई नाय," ते शेवटी म्हणाले. "मुलीचाच हक असतो तो."

"मग भाकरी?"

अबरारभाईंनी भाकऱ्यांच्या टोपलीकडे पाहिलं. "पिठाला काय झालंय? राहू दे भाकरी." आणि मग, अदिबाकडे न बघता, "वुजू हाय?"

"आहे," अदिबा म्हणाली. जोहरच्या नमाजाआधी धुतलेले हातपाय अजून पाक होते.

"मग बस जा आत. तुझ्या कामाचं नंतर बोलू. मी ते सोडणार नाय."

ते हॉलमध्ये जाऊन बसले. काशिफने भाकऱ्यांची टोपली उचलली. दारातून जाताना त्याने बहिणीच्या डोक्याला कोपराने हळूच ढकललं, शाळेत असताना करायचा तसं. अबरारभाईंनी पढायला सुरुवात केली. महबूबचं नाव आलं तेव्हा त्यांचा स्वर तुटला आणि त्यांनी ती ओळ पुन्हा घेतली. ताहिरा आणि अदिबा दाराच्या अलीकडे, गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या. दोघींचे हात दुआला उठले. ताहिराने महबूबसाठी मगफिरत, त्याच्या गुन्ह्यांची माफी, मागितली. मुलीसाठी काय मागावं ते तिला कळेना. ही नोकरी सुटो, हे मागावं, की पोरगी सुखी राहो? दोन्ही मागण्यांचं आपसात पटत नव्हतं. तिने नुसतं तिचं नाव घेतलं आणि पुढचं अल्लावर सोडलं.

माणसं जेवून गेली. अबरारभाई भाकरी जेवले, किती जेवले ते ताहिराने पाहिलं नाही. जाताना त्यांनी तिला नेहमीसारखा सलाम केला, अदिबाला केला नाही.

कालवण तसंच झाकून ठेवलेलं होतं. फरहीन म्हणाली, मी ओतते अम्मी, तुम्ही दमलात. ताहिराने नको म्हटलं. तिने पातेलं दोन्ही हातांनी मोरीत वाकडं केलं, अदिबाने नळ सोडला. नारळाचं दूध पांढरं शुभ्र वाहत गेलं, सोडे जाळीवर अडकून बसले. अदिबा ते चिमटीने गोळा करून पिशवीत टाकत होती. दोघींचे हात एकाच पाण्याखाली होते.

"बडे अब्बांना हो म्हटलं असतं तर हे सगळं झालं नसतं," अदिबा म्हणाली. "मला कळत होतं त्यांना काय हवंय ते. पण अम्मी, मी तिथं दिवसभर एकच गोष्ट करते. तोंडात जे असेल ते सांगते. दुसरं मला येतच नाही."

"मी मनात बोलत होते, हो म्हण, हो म्हण," ताहिरा म्हणाली. "बरं झालं नाय म्हटलंस. जन्मभर मला त्या घासाचं ओझं झालं असतं."

"तुला माझं काम कधीच पटणार नाही ना?"

"नाय," ताहिरा म्हणाली. पोरीशी खोटं बोलायचा आज दिवस नव्हता. "कधीच नाय पटणार."

अदिबाने मान हलवली. पाणी वाहत राहिलं. ताहिराने पातेलं तीनदा विसळलं, उपडं केलं, आणि तरीही त्याचा वास ओट्याभोवती रेंगाळत होता. सोड्यांचा खारट, नारळाचा गोड, आणि त्या सगळ्याला एकत्र बांधणारा तो मंद आंबट वास.

"चांगलं झालं होतं," ती म्हणाली.

"तू चाखलंस कुठे?"

"चाखायला कशाला पाहिजे? वास घेतला ना मी," ताहिरा म्हणाली. अदिबाने ओला हात तोंडावर धरला, आणि वर्षभराचं रडू तिला तिथेच, आईच्या खांद्यावर, फुटलं.